प्रमुख याजक कयफा

यरुशलेमच्या मंदिराचा प्रमुख याजक म्हणजे ज्यूंचा सर्वोच्च धर्मगुरू. वर्षातून एकदा, प्रायश्चित्ताच्या दिवशी, परमपवित्रस्थानात जाऊन सर्व लोकांच्या पापांसाठी प्रायश्चित्त करण्याचा अधिकार फक्त त्याचा. योसेफ कयफाच्या काळी मात्र हे पद रोमन सुभेदाराच्या मर्जीवर होते. सुभेदार ग्रातुसने थोड्याच वर्षांत चार प्रमुख याजक काढले आणि इ. स. १८ च्या सुमारास कयफाला नेमले. याजकाची पवित्र वस्त्रेही रोमनांच्या किल्ल्यात बंद असत. ती सणापुरतीच मिळत.

अशा परिस्थितीत कयफाने राज्यकर्त्यांशी जुळवून घेतले व सुमारे १८ वर्षे पद टिकवले. शुभवर्तमानांनुसार येशूची चौकशी त्याच्यापुढे झाली. क्रूसाची शिक्षा दिली ती सुभेदार पिलाताने.

इ. स. ३६ च्या सुमारास सिरियाचा रोमन अधिपती वितेल्लियस यरुशलेमला आला. त्याने वस्त्रे ज्यूंना परत दिली आणि त्याच भेटीत कयफाला पदावरून दूर केले.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर उद्ध्वस्त केले आणि हे पदही संपले. ज्यूंनी आपली उपासना प्रार्थनेतून व शास्त्राध्ययनातून जपली. ख्रिस्ती लोक मात्र कयफापुढे उभ्या राहिलेल्या येशूलाच कायमचा प्रमुख याजक मानतात.