विचारी सुधारक : गोपाळ गणेश आगरकर

विद्यार्थी मित्रांनो, अंबरनाथचे प्राचीन शिवमंदिर तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ते किती जुने आहे, असे कोणी विचारले तर काय सांगाल? तेथील शिलालेखात शके 982 हे वर्ष आहे. शकाच्या वर्षात 78 मिळवले की इसवी सन मिळतो. म्हणून तो लेख सन 1060 चा आहे आणि मंदिर साडेनऊशे वर्षांहून जुने आहे. माहीत असलेल्या गोष्टींवरून अशी नवी गोष्ट सिद्ध करणे म्हणजे युक्तिवाद. उर्दूत तुम्ही त्याला दलील म्हणता. दलील बरोबर आहे की चूक, हे तपासणारे शास्त्र म्हणजे तर्कशास्त्र, तुमचे मंतिक. या शास्त्राची कास धरून जगलेल्या एका शिक्षकाची ओळख आज करून घेऊ.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म 14 जुलै 1856 रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. घरी फार गरिबी होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकताना त्यांच्याजवळ एकच सदरा होता. तो रात्री धुवून ते सकाळी पुन्हा घालत, असे सांगतात. एम. ए. झाल्यावर मोठ्या पगाराची नोकरी करणे त्यांना शक्य होते. पण पोटापुरते मिळवून लोकांसाठी काम करीन, असे त्यांनी आईला पत्राने कळवले.

लोकमान्य टिळक हे त्यांचे मित्र. 1881 साली केसरी हे वर्तमानपत्र निघाले, तेव्हा आगरकर त्याचे संपादक झाले. कोल्हापूरच्या दिवाणांवर टीका केल्याबद्दल 1882 साली दोघांवर खटला झाला. ज्या पत्रांच्या आधाराने टीका केली होती, ती बनावट ठरली. दोघांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. यातून तुम्ही एक गोष्ट लक्षात ठेवा. पुरावाच खोटा असेल, तर दलील कितीही जोरदार असली तरी टिकत नाही.

पुढे समाजसुधारणेच्या प्रश्नावर मित्रांत मतभेद झाले. आगरकरांनी केसरी सोडला आणि 1888 साली सुधारक हे पत्र काढले. त्या काळी लहान मुलींची लग्ने होत. विधवांचे केस कापले जात. लोकांची दलील अशी असे : जुन्या चाली चांगल्या असतात, ही चाल जुनी आहे, म्हणून ही चांगली आहे. मित्रांनो, या दलिलीची रचना पाहा. तिच्यात चूक नाही. चूक आहे पहिल्या वाक्यात. जुनी चाल चांगलीच असते, हे कोणी सिद्ध केले? आगरकर नेमके हेच विचारत.

तर्कशास्त्र एका वाक्यावरून दुसऱ्या वाक्याकडे नीट कसे जावे, हे शिकवते. पण पहिले वाक्य कोणी मोठ्याने सांगितले म्हणून मानू नका, तेही बुद्धीने तपासा, असे सांगणारा विचार म्हणजे बुद्धिप्रामाण्यवाद. युरोपात सतराव्या शतकात देकार्त या तत्त्वज्ञाने बुद्धीला ज्ञानाचा मुख्य आधार मानले. आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांचे ग्रंथ वाचले होते. त्यामुळे बुद्धीबरोबर अनुभवाचीही साक्ष ते काढत. एखाद्या चालीने माणसाला सुख होते की दुःख, हे ते पाहत.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. विरोधकांनी पुण्यात त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. 1892 साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर खंगले होते. 17 जून 1895 रोजी, वयाची 39 वर्षे पुरी होण्याआधीच, ते वारले.

मित्रांनो, यापुढे कोणी काही पटवू लागला, तर दोन प्रश्न विचारा. याच्या पहिल्या वाक्यावरून दुसरे खरोखर निघते का? आणि पहिले वाक्य तरी खरे आहे का? हे प्रश्न इतरांना विचारणे सोपे आहे. आगरकर ते आपल्याच समाजाला, आपल्याच मित्रांना विचारत राहिले.