एकच आयकिदो, मग प्रशिक्षक वेगवेगळं का शिकवतात? उत्तर आहे मोरिहेई उएशिबा यांच्या आयुष्यात

आयकिदो शिकवणाऱ्या कुठल्याही प्रशिक्षकाची ओळख वाचा. नावासोबत 'दान' म्हणजे काळ्या पट्ट्यानंतरची श्रेणी असते आणि लगेच ते कोणाचे शिष्य, हे दिलेलं असतं. पदकांची यादी सहसा दिसत नाही, कारण या जपानी युद्धकलेच्या बहुतेक शाखांत स्पर्धाच होत नाहीत. आपल्याकडे गवयाचं घराणं विचारतात, तशी इथे गुरूची चौकशी होते.

तरीही दोन वर्गांत फरक दिसतो. एका ठिकाणी कवायतीसारखी शिस्त असते, दुसरीकडे श्वास आणि एकाग्रतेवर भर असतो, तिसरीकडे लाकडी तलवार हातात दिली जाते. असं का, हे समजायला संस्थापक मोरिहेई उएशिबा यांचं आयुष्य पाहावं लागतं.

उएशिबा स्वतः कुठे शिकले?

उएशिबा यांचा जन्म १४ डिसेंबर १८८३ रोजी जपानच्या वाकायामा प्रांतातल्या तानाबे गावी झाला. घर खाऊनपिऊन सुखी होतं, पण मुलगा अशक्त होता. उंची पाच फुटांच्या आसपास राहिल्याने लष्कराने आधी त्यांना नाकारलं. पुढे भरती होऊन ते रशिया-जपान युद्धात गेले. त्याच काळात जुजुत्सूच्या एका जुन्या परंपरेचं शिक्षण त्यांनी घेतलं आणि नंतर गावी थोडा ज्युदोही केला.

१९१२ मध्ये पन्नासहून अधिक कुटुंबांना घेऊन ते उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर वस्ती करायला गेले. तिथेच १९१५ मध्ये त्यांना खरा गुरू भेटला. दाइतो-र्यू जुजुत्सूचे सोकाकू ताकेदा कडक स्वभावाचे होते आणि शिकवण्याचं भरपूर शुल्क घेत. शिष्याचं नाव वहीत नोंदवून ते त्यापुढे त्याचा शिक्का घेत. कोण कधी आणि कुठे शिकलं, हे आज त्या वह्यांमुळेच कळतं. आयकिदोतले मनगटाचे पेच आणि फेकी बऱ्याच अंशी या विद्येतून आल्या आहेत.

शिकवण्याचा अधिकार कधी मिळाला?

१९१९ च्या शेवटी वडील अत्यवस्थ असल्याचं कळलं. होक्काइदोतलं घर ताकेदांना देऊन उएशिबा निघाले, पण वाटेत अयाबे इथे ओमोतो पंथाचे नेते ओनिसाबुरो देगुची यांना भेटायला थांबले. ते घरी पोहोचेपर्यंत वडील गेले होते. १९२० मध्येच ते कुटुंबासह अयाबेला राहायला आले. त्याच वर्षी त्यांचे दोन लहान मुलगे आजाराने दगावले.

अयाबेत त्यांनी पहिला दोजो, म्हणजे तालीमघर, सुरू केला. १९२२ मध्ये ताकेदा तिथे येऊन काही महिने राहिले आणि त्यांनी उएशिबांना प्रशिक्षकाचा दाखला दिला. म्हणजे अधिकृत परवानगी एका गुरूची होती आणि मनावरचा प्रभाव दुसऱ्याचा. १९२४ मध्ये उएशिबा देगुचींसोबत मंगोलियाच्या मोहिमेवर गेले. तिथे पकडले गेल्यावर गोळ्या घातल्या जाण्याची वेळ आली होती. जपानी वकिलातीच्या हस्तक्षेपामुळे ते वाचले.

ताकेदांशी मात्र अंतर वाढत गेलं. १९३६ मध्ये ताकेदा अचानक ओसाकात उएशिबांच्या शिकवणीच्या जागी हजर झाले, तेव्हा त्यांना न भेटताच उएशिबा तिथून निघून गेले.

टोकियोतल्या दोजोत कोण येत होतं?

उएशिबा १९२७ मध्ये टोकियोला आले आणि १९३१ मध्ये कोबुकान दोजो उभा राहिला. तिथला सराव इतका खडतर होता की त्याला नरक दोजो म्हणत. काही शिष्य दोजोतच राहत. झाडलोट, गुरूची सेवा आणि सराव असा त्यांचा दिवस असे. अशा शिष्यांना 'उचिदेशी' म्हणतात.

येणारे कोऱ्या पाटीचे नव्हते. केन्जी तोमिकी ज्युदोत मुरलेले होते. मिनोरू मोचिझुकी यांना तर ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनीच धाडलं होतं. गोझो शिओदाही ज्युदो करून आले होते. चित्रकला शिकणाऱ्या ताकाको कुनिगोशी यांनी १९३३ च्या तंत्रपुस्तिकेसाठी चित्रं काढली.

मग १९४२ मध्ये टोकियो का सोडलं?

या काळात उएशिबा लष्कराच्या आणि नौदलाच्या संस्थांतही शिकवत होते. पुढे शांततेची कला म्हणून जिचा गौरव झाला, ती तेव्हा सैनिकांना शिकवली जात होती, हे विसरून चालणार नाही. १९४२ मध्ये आयकिदो हे नाव अधिकृत झालं. त्याच वर्षी पदं सोडून ते इबाराकी प्रांतातल्या इवामा गावी शेती आणि साधना करायला गेले. टोकियोचा दोजो विद्यापीठात शिकणाऱ्या मुलावर, किस्शोमारू यांच्यावर आला.

युद्धानंतर युद्धकलांवर बंधनं आली. किस्शोमारू यांनी नोकरी करून दोजो टिकवला. १९४८ मध्ये आयकिकाई या संस्थेला सरकारी मान्यता मिळाली.

शिष्यांनी काय नेलं?

इथेच फरकाचं मूळ आहे. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक शिष्याला उएशिबांचं वेगळं व्हर्जन मिळालं.

- गोझो शिओदा यांनी युद्धापूर्वीची कठोर पद्धत घेतली. १९५५ मध्ये त्यांनी योशिनकान सुरू केलं. तिथे टोकियोच्या पोलिसांनाही प्रशिक्षण मिळालं.
- केन्जी तोमिकी यांनी वासेदा विद्यापीठात ज्युदोच्या धर्तीवर स्पर्धा असलेला आयकिदो घडवला.
- मोरिहिरो साइतो १९४६ मध्ये इवामात आले. ते रेल्वेत नोकरीला होते आणि ड्युटीनंतरचा वेळ गुरूजवळ काढत. त्यामुळे तलवार आणि काठीचा सराव त्यांच्या शिकवणीत ठळक आहे.
- कोइची तोहेई यांनी श्वसन आणि मनाच्या साधनेची जोड दिली. १९५३ मध्ये त्यांनी आयकिदो हवाईला नेला आणि १९७४ मध्ये आयकिकाई सोडून स्वतंत्र संस्था उभारली.

किस्शोमारू यांनी तंत्रांची सोपी, सलग मांडणी केली. जगभरातल्या बहुतेक वर्गांत आज तीच दिसते. उएशिबा यांचं २६ एप्रिल १९६९ रोजी निधन झालं.

नव्याने शिकणाऱ्याने काय विचारावं?

फक्त दान किती, एवढं विचारून भागत नाही. प्रशिक्षक कोणत्या शाखेचे, किती वर्षं कोणासमोर सराव केला आणि त्याआधी काय शिकले होते, हे तीन प्रश्न विचारा. उएशिबांच्या बाबतीत यांची उत्तरं ताकेदांच्या वहीत, अयाबेच्या दोजोत आणि तानाबेच्या तालमीत सापडतात. प्रत्येक प्रशिक्षकाकडे अशी उत्तरं असतात. ती सांगताना तो अडखळत असेल, तर दुसरा वर्गही पाहून घ्या.