आर्मस्ट्राँग यांचे ओठ

ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग १९०१ साली न्यू ऑर्लीन्सला अत्यंत गरीब घरी जन्मले. लहानपणी ते कार्नोफ्स्की नावाच्या ज्यू कुटुंबाच्या गाडीवर काम करीत. पहिले कॉर्नेट घ्यायला त्या घरानेच उसने पैसे दिले. पुढे आर्मस्ट्राँग गळ्यात मागेन दाविद घालीत, हे आपल्यातील थोड्यांनाच ठाऊक असेल.

हे वाद्य ओठांवर दाबून धरावे लागते. स्वर उंच, तसा दाब अधिक. आर्मस्ट्राँग तर श्रोत्यांच्या हौसेखातर रोज रात्री तारस्वरांची बरसात करीत. अखेर १९३३ साली लंडनला ओठ फाटून रक्त आले. १९३४ मध्ये त्यांनी पॅरिसला कित्येक महिने वाद्य बाजूला ठेवले. (शिक्षकीत घसा बसला की आम्हाला दोन दिवसांचे मौनही जड जाई!) १९३५ मध्ये ते पुन्हा उभे राहिले, नवे व्यवस्थापक जो ग्लेझर, तेही ज्यूच. मात्र आता वाजवणे मोजके झाले, गाणे वाढले, आणि ओठांचे मलम सदैव जवळ असे.

१९७१ साली ते वारले. ओठांचा स्नायू फाटण्याच्या या विकाराला १९८२ मध्ये एका शल्यविशारदाने त्यांच्याच 'सॅचमो' या टोपणनावावरून नाव दिले.