त्रिबिंदू सीटबेल्टचे जनक : निल्स बोलिन

जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात ‘व्होल्वो पीव्ही ५४४’ दिसली, की रसिकांची नजर प्रथम जाते ती तिच्या गोलाकार पाठीकडे. मोटारींच्या इतिहासात मात्र तिला अढळ स्थान मिळाले, ते आतल्या एका साध्या पट्ट्यामुळे. हा पट्टा घडविणारे अभियंते म्हणजे निल्स बोलिन.

स्वीडनमधील हार्नोसांद येथे १७ जुलै १९२० रोजी बोलिन यांचा जन्म झाला. यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १९४२ मध्ये ते विमाने बनविणाऱ्या ‘साब’ कंपनीत रुजू झाले. संकटकाळी वैमानिकाला आसनासह विमानाबाहेर फेकणाऱ्या यंत्रणेवर त्यांनी तेथे काम केले. १९५८ मध्ये ‘व्होल्वो’ने त्यांच्याकडे सुरक्षा अभियंत्याची जबाबदारी सोपविली, तेव्हा प्रश्न नेमका उलटा झाला. आता अपघाताच्या क्षणी माणसाला आसनावरच धरून ठेवायचे होते.

त्या काळी बहुतेक मोटारींत पट्टे नसतच. असलाच तर कमरेभोवती एकच पट्टा असे. टक्कर होताच शरीराचा वरचा भाग पुढे झेपावे आणि बक्कल पोटात रुतून आतील अवयवांना इजा होई. वैमानिकांचे खांद्यांवरून येणारे पट्टे परिणामकारक होते. पण ते बांधण्याचा खटाटोप सामान्य चालक करणार नाही, हे बोलिन यांनी ओळखले. त्यांनी छातीवर तिरपा आणि कमरेवर आडवा येणारा पट्टा तयार केला. तो तीन ठिकाणी जखडलेला होता. बक्कल पोटावरून कमरेच्या बाजूला गेले. धक्का छाती आणि कटिभाग यांवर विभागला गेला. शिवाय हा पट्टा एका हाताने लावता येई.

ऑगस्ट १९५९ मध्ये हा पट्टा बसविलेली पहिली मोटार स्वीडनमध्ये विक्रीस आली. पेटंट हाती असूनही ‘व्होल्वो’ने ते अन्य उत्पादकांना खुले केले. तरीही लोकांना पट्टा लावण्याची सवय सहजी लागली नाही. १९६७ मध्ये स्वीडनमधील २८ हजार अपघातांचा अभ्यास मांडण्यात आला. ताशी ६० मैलांपेक्षा कमी वेगाच्या अपघातांत पट्टा लावलेली एकही व्यक्ती दगावली नसल्याचे त्यातून दिसले. पुढे कायदे आले. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९७० मध्ये, तर स्वीडनने १९७५ मध्ये पट्ट्याची सक्ती केली.

१९८५ मध्ये बोलिन निवृत्त झाले. २१ सप्टेंबर २००२ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

जुन्या मोटारींचा जाड पत्रा पाहून त्या भक्कम, म्हणून सुरक्षित, असे अनेकांना वाटते. पण पत्रा चेपला नाही, तर धक्का आतल्या माणसापर्यंत पोहोचतो. हौसेने जपलेल्या अशा मोटारीत नंतर पट्टा बसवितानाही तो कुठे आणि किती घट्ट जखडला आहे, याला पट्ट्याइतकेच महत्त्व असते. बोलिन यांच्या रचनेचे मर्मही या जखडण्याच्या जागांतच होते.