नाना शंकरशेठ : रेल्वे आणि संग्रहालय

जगन्नाथ उर्फ नाना शंकरशेठ यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाडचा. मुंबईतल्या या धनिक व्यापाऱ्याने मुलींच्या शाळेसाठी स्वतःच्या वाड्यात जागा दिली. रेल्वे यावी म्हणून १८४५ पासून खटपट केली. जीआयपी रेल्वेचे ते संचालक झाले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली. भायखळ्याच्या संग्रहालयाची पायाभरणी १८६२ साली झाली, त्यामागेही नाना होतेच. ३१ जुलै १८६५ रोजी ते गेले. त्यानंतर १८७१ साली रेल्वे सोलापूर-कलबुर्गीवरून रायचूरला पोहोचली आणि १८७२ साली संग्रहालय खुले झाले. दोन्ही पाहणे नानांच्या नशिबी नव्हते.

आम्ही करजगीकर मुंबईला जातो ते याच लोहमार्गाने. बोरीबंदरचे ते पहिले स्थानक आज उरलेले नाही. त्याच परिसरात नंतर उभी राहिलेली भव्य इमारत मात्र २००४ पासून जागतिक वारसा आहे. आपल्या मार्गावरच्या स्थानकांतील जुनी घंटा, कंदील, तिकीटखिडकी भंगारात जाण्याआधी तिथेच एका खोलीत जपली जावी, असे आम्हाला वाटते. रेल्वे आणि संग्रहालय दोन्हींसाठी झटलेल्या नानांचे याहून चांगले स्मारक कोणते?