सम्राट अशोक : कारभाऱ्यांना माणुसकी शिकविणारा राजा



कलिंगाची लढाई आणि त्यानंतर अशोकाला झालेला पश्चात्ताप ही गोष्ट आपल्या घरातल्या लहान पोरांनाही पाठ आहे. पण त्या पश्चात्तापानंतर राजाने आपल्या कारभाऱ्यांना काय शिकविले, हे फारसे कोणी सांगत नाही. आज आपल्या वस्तीतली मुलं-मुली स्पर्धा परीक्षांना बसतात. कोणी तलाठी होतो, कोणी फौजदार, कोणी त्याहून वर चढतो. त्यांच्यासाठी विहाराच्या या स्मरणिकेत हे चार शब्द लिहीत आहोत.

अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू, बिंदुसाराचा मुलगा. इ.स.पू. २६८ च्या सुमारास त्याला राज्याभिषेक झाला. आठ वर्षांनी त्याने कलिंग जिंकले. दीड लाख माणसे पकडून नेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मागाहून मेली. हे आकडे शत्रूने लिहिलेले नाहीत, ते अशोकाने स्वतः शिळेवर कोरून घेतले. जिंकलेल्या राजाने आपल्या विजयाचा असा हिशेब जगापुढे मांडावा, ही साधी गोष्ट नव्हे.

पण राजा बदलला म्हणून राज्य लगेच बदलत नाही. राजा पाटलीपुत्राला, रयत शेकडो कोस लांब. आम्ही गिरणीत राबणारी माणसे. वरून आलेला हुकूम कितीही चांगला असो, खात्यातला मुकादम कसा आहे यावरच कामगाराचा दिवस ठरतो, हे आम्हांला पुस्तकात वाचावे लागत नाही. अशोकाने हे बरोबर ओळखले होते.

ज्या कलिंगाला त्याने रक्तात बुडविले, तिथेच धौली आणि जौगड येथे त्याने अधिकाऱ्यांसाठी वेगळे लेख कोरविले. सगळी माणसे आपली लेकरे आहेत, असे तो त्यात सांगतो. विनाकारण कोणाला कोंडू नका, छळू नका, एकाच्या अन्यायाने मागे किती जण पोळतात ते बघा, असे बजावतो. मग अधिकाऱ्याला बिघडविणारे दोष एकेक करून मोजतो : मत्सर, एकदम चढणारा राग, निष्ठुरपणा, उतावीळपणा, कामाचा सराव नसणे, आळस आणि थकवा. सव्वादोन हजार वर्षे झाली, पण या यादीत आज काही भर घालावी लागेल असे आम्हांला वाटत नाही.

नुसते कोरून तो थांबला नाही. दर चार महिन्यांनी, तिष्य नक्षत्राच्या दिवशी, हा लेख वाचून दाखवायचा. मधल्या दिवसांतही वाचायचा, ऐकायला एकच माणूस असला तरी वाचायचा. दर पाच वर्षांनी सौम्य स्वभावाचा अधिकारी फिरतीवर पाठवायचा, त्याने काम नीट चालले आहे का ते बघायचे. राज्याभिषेकाला तेरा वर्षे झाल्यावर त्याने धम्ममहामात्र नेमले. तुरुंगातले कैदी, लेकुरवाळे आणि म्हातारे यांच्याकडे बघणे हे त्यांचे काम. स्वतःलाही त्याने सूट दिली नाही. आपण जेवत असू किंवा अंतःपुरात असू, रयतेचे काम आले की खबर द्या, अशी त्याची आज्ञा होती.

हा धम्म त्याने राज्याच्या हद्दीत कोंडून ठेवला नाही. माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधपाण्याची सोय त्याने दक्षिणेकडील चोल-पांड्यांच्या मुलखात आणि पश्चिमेकडे अंतियोक या ग्रीक राजाच्या राज्यातही केल्याचे लेख सांगतो. कंदाहारला ग्रीक आणि अरामी भाषांतला त्याचा लेख १९५८ साली सापडला. ज्याला त्याला त्याच्या भाषेत सांगायचे, ही त्याची रीत. आपला पंथ मोठा म्हणून दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नका, हेही त्याने शिकविले.

आपल्या मुंबईजवळचे सोपारा हे तेव्हाचे बंदर. तिथे त्याच्या नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली मिळाला, म्हणजे बाबासाहेबांनी अशोक विजयादशमीला धम्मदीक्षा दिली त्याच वर्षी. तो तुकडा आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. नोकर-चाकरांशी नीट वागणे हाच खरा मंगलविधी, हा त्या नवव्या लेखाचा आशय. पोरांना घेऊन एकदा जरूर बघून या.

अशोकाला आम्ही देव करीत नाही. फाशीची शिक्षा त्याने बंद केली नाही. दंड झालेल्याला तीन दिवसांची मुदत तेवढी दिली. त्याच्यामागे पन्नास वर्षांत मौर्यांचे राज्यही गेले. पुढे ती लिपीच लोक विसरले. १८३७ साली प्रिन्सेपने ती वाचली, तेव्हा राजा पुन्हा बोलू लागला.

२६ जानेवारी १९५० ला सारनाथच्या सिंहांची राजमुद्रा भारताने स्वीकारली. आपल्या मुलांना नोकरीचा हुकूम येईल त्या कागदावर हेच सिंह असतील. तेव्हा त्यांनी ते सात दोष टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवावेत. दारात उभा असलेला माणूस कोणत्या जातीचा, कोणत्या मुलखाचा, कोणती भाषा बोलणारा, हे न बघता आधी त्याला बसायला सांगावे. तो ताटकळत उभा असलेला माणूस कालपर्यंत आपला बाप होता, हे विसरू नये.

नमो बुद्धाय! जयभीम!