मोटारकर्ते किइचिरो तोयोदा

रस्त्यावरून जाणारी मोटार दृष्टीस पडताक्षणी तिचे नाव सांगण्यात आमचे विद्यार्थी मोठे तरबेज आहेत. घोडबंदर रस्त्याने शाळेची सहल चालली असता, किंवा कल्याण-शीळ रस्त्यावर वाहनांची रांग खोळंबली असता, मागील बाकांवरून ह्या नावांचा असा काही गजर होतो की, इतिहासातील सनावळ्या ह्याच उत्साहाने पाठ झाल्या असत्या तर किती बरे झाले असते, असे आमच्या मनात येते. अशाच एका प्रसंगी एका चुणचुणीत विद्यार्थ्यास आम्ही विचारले की, टोयोटा हे नाव तू इतक्या झोकात घेतोस, तर ते गावाचे, नदीचे की माणसाचे? तो निरुत्तर झाला. खरे सांगावयाचे तर आम्हांसही त्या वेळी नीटसे उत्तर देता आले नसते. घरी येऊन आम्ही शोध घेतला, आणि ज्या पुरुषाचे चरित्र हाती आले ते विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे ठेवावे असे वाटून हा लेख लिहीत आहोत.

किइचिरो तोयोदा ह्यांचा जन्म ११ जून १८९४ रोजी जपानातील शिझुओका प्रांतात एका लहानशा खेड्यात झाला. त्यांचे वडील साकिची हे सुताराचे पुत्र. गावातील बायाबापड्या हातमागावर रात्रंदिवस राबत, ते पाहून ह्या मागात सुधारणा करावी असा ध्यास साकिचींनी घेतला होता. इ. स. १८९१ मध्ये त्यांस लाकडी हातमागाचे पहिले पेटंट मिळाले. परंतु ध्यास घेतलेल्या माणसाच्या घरी सुख नांदतेच असे नाही. साकिची सदा आपल्या यंत्रांत गढलेले. घरात पैशाची ओढ. तेव्हा किइचिरो तान्हे असतानाच त्यांची आई घर सोडून माहेरी गेली. हे मूल आजीआजोबांपाशी वाढले. पुढे वडिलांनी दुसरा विवाह केला आणि नागोया शहरात बिऱ्हाड केले, तेव्हा किइचिरो तेथे राहू लागले. आईविना गेलेल्या त्या प्रारंभीच्या वर्षांमुळेच की काय, ते स्वभावाने अबोल व एकलकोंडे होते.

ठाण्याच्या मुलांना भिवंडीच्या मागांचा खडखडाट परका नाही. मागावर उभ्या धाग्यांतून आडवा धागा नेणारा जो धोटा असतो, त्याच्या पोटातील कांडी संपली की माग थांबवून ती बदलावी लागते. आणि एखादा धागा तुटला व कोणाचे लक्ष नसले तर वारच्या वार कापड सदोष निघते. ह्या दोन अडचणी दूर करण्यात साकिचींचे अर्धे आयुष्य गेले. धागा तुटताच माग आपोआप थांबावा अशी युक्ती त्यांनी काढली. सदोष माल पुढे जाऊ देण्यापेक्षा काम तेथेच थांबविणे बरे, हे तत्त्व त्या युक्तीच्या मुळाशी होते. पुढे मोटारींच्या कारखान्यातही तेच तत्त्व पाळले जावयाचे होते.

किइचिरो ह्यांनी टोकियोच्या विश्वविद्यालयात यंत्रशास्त्राचा अभ्यास करून १९२० मध्ये पदवी मिळविली आणि ते वडिलांच्या गिरणीत रुजू झाले. लगेच पुढील वर्षी ते अमेरिका व युरोप पाहण्यास निघाले. इंग्लंडात ओल्डहॅम येथे प्लॅट बंधूंचा कापडयंत्रांचा जगप्रसिद्ध कारखाना होता. तेथे त्यांनी काही काळ राहून कामकऱ्यांमध्ये वावरून यंत्रे कशी होतात ते पाहिले. परत आल्यावर वडिलांसह त्यांनी जो स्वयंचलित माग १९२४ मध्ये सिद्ध केला, त्यात धावता माग न थांबवता धोटा आपोआप बदलत असे, आणि एकच कामकरी तीसहून अधिक मागांवर देखरेख करू शके. १९२६ मध्ये हे माग बनविण्यासाठी कारिया येथे कारखाना निघाला. आणि नवल असे की, ज्या प्लॅट बंधूंकडे किइचिरो शिकावयास गेले होते, त्याच प्लॅट बंधूंनी १९२९ मध्ये एक लाख पौंड देण्याचे कबूल करून ह्या मागाचे हक्क त्यांच्याकडून घेतले. शिष्याने गुरूस विद्या द्यावी, तसाच हा प्रकार झाला.

येथे दुसरा कोणी असता तर मागांच्या धंद्यात स्वस्थ बसून वैभव भोगता. परंतु किइचिरो ह्यांच्या मनाने वेगळीच ओढ घेतली होती. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो व योकोहामा ही शहरे भूकंपाने व आगीने उद्ध्वस्त झाली. ट्रामचे रूळ उखडले, तेव्हा लोकांची ने-आण करण्यासाठी अमेरिकेहून फोर्ड गाड्यांचे सांगाडे शेकड्यांनी आणून त्यांवर बसगाड्या बांधण्यात आल्या. लवकरच फोर्ड कंपनीने योकोहामास व जनरल मोटर्सने ओसाकास आपले कारखाने थाटले. सुटे भाग अमेरिकेतून यावयाचे, ते जपानात नुसते जोडावयाचे, असा तो व्यवहार होता. आमच्या ठाण्यास १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी आली. जपानात ती त्यानंतर एकोणीस वर्षांनी, १८७२ मध्ये धावली. दोन्हीकडे एंजिने मात्र विलायतेची होती. परक्याच्या यंत्रात बसून प्रवास करणे निराळे आणि ते यंत्र स्वतः घडविणे निराळे, हा भेद ज्या थोड्यांच्या मनास बोचला त्यांपैकी किइचिरो हे एक होते.

३० ऑक्टोबर १९३० रोजी साकिची निवर्तले. किइचिरो ह्यांनी कारखान्याच्या एका कोपऱ्यात लहानसे एंजिन खोलून जोडण्याचे प्रयोग आरंभिले. कंपनीची सूत्रे त्यांचे मेहुणे रिझाबुरो ह्यांच्या हाती होती. मोटारीच्या धंद्यात भल्याभल्यांचे हात पोळले होते, म्हणून ते धास्तावले, आणि त्यांचे धास्तावणे अगदी अयोग्य होते असेही म्हणवत नाही. तरीही १ सप्टेंबर १९३३ रोजी मागांच्याच कारखान्यात मोटारींचे स्वतंत्र खाते उघडण्यात आले.

ह्यापुढील दोन वर्षे म्हणजे अपयशांची मालिकाच होय. एंजिनाचा मुख्य ठोकळा ओतीव लोखंडाचा असतो. त्याच्या आत पोकळ्या राहाव्यात म्हणून साच्यात वाळूचे गाभे बसवावे लागतात. मागाचे भाग ओतणाऱ्या कारागिरांना हे काम साधेना. गाभे फुटत, लोखंडात भोके राहत, आणि शेकडो ठोकळे मोडीत निघत. किइचिरो स्वतः भट्टीपाशी उभे राहत. ज्या यंत्रज्ञास दिवसातून दोन-चार वेळा हात धुवावे लागत नाहीत तो यंत्रज्ञच नव्हे, असे त्यांचे मत होते आणि त्यांचे स्वतःचे हात सदा तेलाने माखलेले असत. अखेर सप्टेंबर १९३४ मध्ये पहिले एंजिन तयार झाले, आणि मे १९३५ मध्ये पहिली नमुन्याची मोटार.

त्याच वर्षी नोव्हेंबरात टोकियो येथे त्यांच्या मालमोटारींचे प्रदर्शन झाले. कारियाहून टोकियोस जाताना वाटेतच एका गाडीच्या सुकाणूचा भाग मोडला. तो रस्त्यावर दुरुस्त करून मंडळी कशीबशी वेळेवर पोहोचली. विक्री सुरू झाल्यावर तर तक्रारींचा पाऊसच पडला. कोठे आस मोडला, कोठे सुकाणू निकामी झाले, कोठे गाडी भर रस्त्यात बसली. आता येथे विद्यार्थ्यांनी नीट लक्ष द्यावे. किइचिरो ह्यांनी पहिल्या गाड्या मुद्दाम जवळच्या टापूत विकल्या होत्या. हेतू हा की, गाडी बिघडली तर तिच्यापर्यंत तात्काळ पोहोचता यावे. बिघाडाची वार्ता येताच कारखान्याची माणसे धावत. पुष्कळदा किइचिरो स्वतः जात, गाडीखाली शिरून काय मोडले ते पाहत आणि परत येऊन तो भाग बदलण्याची व्यवस्था करीत. दुरुस्तीचा भार कंपनी सोशी. गाड्या उत्पादनखर्चाहून कमी किमतीस विकल्या जात होत्या, त्यात हा आणखी खर्च. परंतु प्रत्येक बिघाड हा त्यांस धडा वाटे.

ह्या ठिकाणी आम्हांस एक स्वानुभव आठवतो. काही वर्षांपूर्वी एका पावसाळी संध्याकाळी आम्ही मुलांसह भाड्याच्या गाडीतून येत असता ती शीळफाट्यापाशी बंद पडली. आदल्याच दिवशी ती एका दुरुस्तीच्या दुकानातून आली होती. चालकाने दुकानदारास वारंवार फोन केला. त्याने प्रथम दुसऱ्या कोणावर दोष ढकलला आणि मग फोन उचलणेच बंद केले. पावसात तीन तास काढल्यावर चिंब भिजलेली मुले घेऊन आम्ही घरी पोहोचलो. चूक कोणाची होती हे आम्हांस आजतागायत कळले नाही. परंतु बिघडलेल्या गाडीखाली स्वतः शिरणारा मालक आणि फोन न उचलणारा दुकानदार ह्या दोघांतील अंतर त्या संध्याकाळी आम्हांस जितके कळले तितके कोणत्याही पुस्तकाने कळले नसते.

असो. १९३६ मध्ये त्यांची प्रवासी मोटार बाजारात आली. त्याच वर्षी गाडीच्या नावासाठी लोकांकडून सूचना मागविल्या, तेव्हा सुमारे सत्तावीस हजार सूचना आल्या. तोयोदा ह्या आडनावाचा अर्थ सुपीक भातशेत असा आहे. त्यातील दकाराचा टकार करून टोयोटा हे नाव निवडले गेले. ते कानास ठसठशीत लागते, आणि जपानी लिपीत आठ रेघांत लिहिले जाते. आठ हा अंक तेथे भाग्याचा मानतात. २८ ऑगस्ट १९३७ रोजी स्वतंत्र मोटार कंपनी स्थापन झाली आणि पुढील वर्षी कोरोमो ह्या गावी मोठा कारखाना उभा राहिला. तेथे त्यांनी असा नियम घालण्याचा यत्न केला की, जो भाग हवा तो, हवा तेव्हाच आणि हवा तितकाच यावा. फडके रोडवर नित्य भाजी घेणारी डोंबिवलीची गृहिणी हेच करीत असते. आठवड्याची भाजी भरून ती नासू देण्यापेक्षा रोजची रोज ताजी आणणे तिला परवडते. ही साधी गोष्ट पुढे जगभर अभ्यासाचा विषय झाली.

मग महायुद्ध आले. कारखान्यास लष्करासाठी मालमोटारी कराव्या लागल्या, आणि जपानने शरणागती जाहीर करण्याच्या आदल्याच दिवशी, १४ ऑगस्ट १९४५ रोजी, कोरोमोच्या कारखान्यावर बाँब पडले. युद्धानंतर इतक्या माणसांचे पोट कसे भरावे ह्या चिंतेने तव्या-पातेल्यांसारख्या वस्तूही कारखान्यात होऊ लागल्या. किइचिरो ह्यांनी आपल्या मुलास उत्तरेकडील बेटावर मासळीचे पदार्थ बनविण्याच्या उद्योगास धाडले.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण घडी १९४९-५० मध्ये आली. सरकारच्या आर्थिक धोरणाने पैशाची टंचाई झाली, विकलेल्या गाड्यांचे पैसे येईनात, आणि कंपनी बुडण्याच्या बेतास आली. कामकऱ्यांनी वेतनात शेकडा दहा कपात सोसावी, कोणासही कामावरून काढले जाणार नाही, असा करार डिसेंबर १९४९ मध्ये झाला. परंतु कर्ज देणाऱ्या पेढ्यांना कंपनीचा खर्च कमी झालेला हवा होता. एप्रिल १९५० मध्ये सोळाशे माणसे कमी करण्याचा प्रस्ताव पुढे आला. कामकरी संतापले, संप व मोर्चे सुरू झाले. त्यांचा संताप रास्त होता, कारण दिलेला शब्द मोडला जात होता. किइचिरो ह्यांनी ते जाणले. माणसे गेल्यावाचून कंपनी जगत नव्हती, आणि शब्द मोडून आपण त्याच खुर्चीत बसून राहावे हे त्यांच्या मनास पटत नव्हते. ५ जून १९५० रोजी त्यांनी स्वतः उभारलेल्या कंपनीचे अध्यक्षपद सोडले. पुढे काही दिवसांत तंटा मिटला; दोन हजारांहून अधिक माणसे बाहेर पडली. राजीनाम्याने त्यांच्या चुली पेटल्या असे नव्हे. परंतु मालकानेही आपल्याबरोबर किंमत मोजली हे त्यांनी पाहिले.

दैवाचा खेळ पाहा. त्याच महिन्याच्या २५ तारखेस कोरियात युद्ध भडकले, मालमोटारींना मोठी मागणी आली आणि कंपनी तरली. १९५२ मध्ये किइचिरो ह्यांनी परत यावे असे ठरले. परंतु रक्तदाबाने त्यांची प्रकृती पोखरली होती. २७ मार्च १९५२ रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे निधन झाले. ज्या प्रवासी मोटारीचे स्वप्न त्यांनी पाहिले होते, ती क्राऊन नावाने १९५५ मध्ये निघाली. १९५९ मध्ये कोरोमो शहराचे नावच टोयोटा असे झाले. ह्यांपैकी काहीच त्यांनी पाहिले नाही.

आता आमच्या प्रांताचा संबंध. बेळगावास सायकलींचे दुकान चालविणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासेल ह्या समजुतीने शेतकरी तो घेईनात. तरी ते डगमगले नाहीत, आणि १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. त्यांच्याच घराण्याच्या चौथ्या पिढीतील विक्रम किर्लोस्कर ह्यांच्या सहकार्याने १९९७ मध्ये टोयोटाची भारतीय कंपनी स्थापन झाली व बंगळुरूजवळ बिदडी येथे कारखाना निघाला. तेथून २००० मध्ये क्वालिस व २००५ मध्ये इनोव्हा ह्या गाड्या आल्या. मागवाल्याचे नाव आणि नांगरवाल्याचे नाव असे एका पाटीवर एकत्र आले.

ज्या विद्यार्थ्यास आम्ही प्रश्न केला होता, त्याचे वडील डोंबिवलीत भाड्याची गाडी चालवितात. प्रथम त्यांच्यापाशी जुनी घेतलेली क्वालिस होती, आता इनोव्हा आहे. गणपतीत कोकणच्या घाटांतून माणसे नेणे-आणणे हा त्यांचा हंगाम. गाडी घेताना कर्जाचा बोजा जड वाटला, हे त्यांनी आम्हांपासून लपविले नाही. परंतु हप्ते ह्याच गाडीने फेडले, हेही ते अभिमानाने सांगतात. त्यांच्यापाशी एक वही आहे. तेल कोणत्या तारखेस बदलले, कोणता आवाज प्रथम केव्हा ऐकू आला, हे सारे तीत लिहिलेले असते. बारीकसा आवाज आला तरी ते भाडे सोडतात, पण गाडी रस्त्यावर आणीत नाहीत. हे गृहस्थ सातवीपलीकडे शिकले नाहीत आणि साकिची तोयोदांचे नाव त्यांनी ऐकलेले नाही. धागा तुटताच थांबणारा माग मात्र त्यांनी आपल्या वहीत आणून ठेवला आहे.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, पुढील वेळी मोटारीचे नाव ओरडाल तेव्हा त्या नावामागील माणसाचे स्मरण करा. गणित चुकले तर वहीचे पान फाडू नका. कोठे चुकले ते शोधा. दिलेला शब्द पाळणे अशक्य झाले तर त्याची झळ प्रथम स्वतःस लागू द्या. इतके साधले, तर तुमच्यापैकी कोणाचे नाव उद्या एखाद्या यंत्रावर झळको वा न झळको, ज्या कामास तुमचे हात लागतील ते काम लोक विश्वासाने हाती घेतील.